बिलोलीकडचें पेव आणि श्वासाची देवघेव

हैद्राबादेहून मनमाडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धर्माबाद नांवाचें स्टेशन लागतें. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील बिलोली हें तालुक्याचें गांव पाहूं इच्छिणाऱ्यानें येथें उतरावें, गोदावरी ओलांडावी आणि कुंडलवाडीवरून पुढें जावें. नांदेडहून नरसीमार्गे येणारी सडक अधिक सोयीची, हें खरें. परंतु नदी पाहिल्यावांचून मुलूख पाहिल्याचें समाधान होत नाहीं अशी आमची जुनी खोड असल्यामुळें आम्हीं हाच मार्ग पत्करला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गांव ह्या तालुक्यांत आहे. "गुरुजी, एकदां आमच्या घरचें पेव पाहावयास या," असा त्याचा पुष्कळ दिवसांचा आग्रह होता. पेव म्हणजे काय, हें नव्या पिढीच्या वाचकांस बहुधा "पेव फुटणें" ह्या वाक्प्रचारापुरतेंच ठाऊक असेल. त्याचें वर्णन पुढें येईलच.

धर्माबादेची पेठ लाल मिरचीसाठीं प्रसिद्ध आहे. हंगामांत तेथें उतरणाऱ्या प्रवाशाचें स्वागत प्रथम त्याच्या नाकाला स्वीकारावें लागतें. आमच्याच डब्यांतून उतरलेल्या एका सद्गृहस्थांनीं सलग सहा शिंका दिल्या, आणि शेजारच्या हमालानें त्यांच्याकडे वळूनहि पाहिलें नाहीं! शिंक आणि ठसका हे श्वासमार्गाचे द्वारपाल होत. नाकांतील केस मोठी धूळ अडवितात. त्यापुढें श्वासनलिकांच्या ओलसर अस्तरावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य तंतू एकसारखी वरच्या दिशेनें झाडलोट करीत असतात. आणि त्यांना जें आवरत नाहीं तें खोकल्याच्या हिसक्यानें बाहेर टाकलें जातें. मात्र ह्या द्वारपालांना तिखट कळतें, धूळ कळते. ज्या हवेंत कांहीं जास्त नसून कांहीं कमी आहे, तिची त्यांना दादच नसते. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

धर्माबादेपासून जवळच गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. ह्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांत पुष्कळ वर्षे वाद चालला होता. सर्वोच्च न्यायालयानें 2013 सालीं निकाल दिला, आणि त्याप्रमाणें दरवर्षी 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. वादाचें मूळ असें कीं, खालीं पोचमपाडास जें श्रीरामसागर धरण आहे त्याच्या फुगवट्याच्या क्षेत्रांतच हा बंधारा येतो. आम्ही गेलों तेव्हां दरवाजे बंद होते. कांठावर उभे राहून आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, "आतां हे दरवाजे उघडले तर पाणी कोणीकडे जाईल?" तो म्हणाला, "खालीं, तेलंगणाकडे." "आणि खालचा फुगवटा वरच्या पाण्याहून उंच असला तर?" तो हंसला. वर्गांत कधीं उत्तर न देणारा हा मुलगा येथें मात्र लगेच म्हणाला, "मग उलटें येईल." पाण्याची दिशा दरवाजा ठरवीत नाहीं, दोन्ही बाजूंच्या पातळींतील अंतर ठरवितें.

बिलोली गांव मोठें नाहीं. शहाजहानच्या अमदानींतील सरदार सरफराजखान ह्याच्या नांवाची जुनी दगडी मशीद हें तेथील मुख्य प्रेक्षणीय स्थळ. उन्हांतून तिच्या सांवलींत गेलें म्हणजे दगडी कामाची भव्यता डोळ्यांआधीं अंगास जाणवते. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. 1956 सालीं तो मुंबई राज्यांत व 1960 सालीं महाराष्ट्रांत आला. पूर्वेस मांजरा नदी, आणि नदीपलीकडे तेलंगणा. त्यामुळें बाजारांत मराठी, तेलुगू आणि उर्दू ह्या तीन भाषा एकाच दुकानाच्या फळीवर नांदतात. आम्ही भाषेचे जुने विद्यार्थी. आम्हांला मशिदीइतकाच हा बाजार आवडला. आपण मराठी माणसें श्वास हा शब्द संस्कृतांतून घेतला, पण रोजच्या व्यवहारांत "दम धरा", "दम लागला", "दम खा" असें फारशीच्या आधारानें बोलतों, आणि श्वासाच्या रोगालाहि दमाच म्हणतों. तेलुगूंत श्वासाला ऊपिरि म्हणतात, आणि फुप्फुसांना ऊपिरितित्तुलु. तित्ति म्हणजे कातड्याची पिशवी, लोहाराचा भाता. फुप्फुसें म्हणजे श्वासाचे भाते! शब्द मोठा चित्रमय आहे. परंतु तो अर्धेंच सांगतो, आणि उरलेल्या अर्ध्यासाठींच हा लेखनप्रपंच.

भात्याचें काम खरें आहे. बरगड्या उचलल्या जातात, छाती व उदर ह्यांमधील पडदा खालीं सरकतो, छाती विस्तारते व हवा आंत शिरते. स्नायु सैल पडले कीं ती बाहेर येते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारें 12 ते 16 वेळां श्वास घेतो व दर खेपेस अर्धा लिटर हवा आंत ओढतो. तींपैकीं सुमारें 150 मिलिलिटर नुसत्या नळ्यांतच राहते. ओसरीवरूनच परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी तिची गत. शिवाय उच्छ्वास झाला म्हणून फुप्फुसें रिकामीं होत नाहींत. दोन-अडीच लिटर जुनी हवा आंत शिल्लक असतेच. म्हणजे एका श्वासानें आंतील हवेचा सातवा भाग कायतो बदलतो. रांजण न उपसतां त्यांत रोज घागरभर ताजें पाणी ओतावें, तसा हा प्रकार आहे.

श्वासनलिका वीस-बावीस वेळां दुभागत गेल्यावर त्यांच्या टोकांशीं द्राक्षांच्या घोसाप्रमाणें वायुकोश लागलेले असतात. त्यांची संख्या 30 ते 50 कोटि. ते सर्व उलगडून सपाट पसरले तर सुमारें 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशें चौरस फूट जागा व्यापतील. पुण्यामुंबईकडे पुष्कळ कुटुंबें ह्याहून लहान जागेंत संसार करितात. ह्या कोशांभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असतें. हवा एका बाजूस, रक्त दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें पडदा केवढा? एका मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा. ह्याच पडद्यांतून प्राणवायु रक्तांत जातो व कर्बद्विप्राणिद, म्हणजे हल्लींच्या पाठ्यपुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड, बाहेर येतो. आंत घेतलेल्या हवेंत प्राणवायु शेंकडा 21 असतो, बाहेर टाकलेल्या हवेंत सुमारें 16. कर्बद्विप्राणिद आंत जातांना शेंकडा 0.04 असतो, बाहेर येतांना सुमारें 4. नत्रवायु बिचारा जसा जातो तसाच परत येतो.

आतां प्रश्न असा कीं, ही देवघेव कोण करवितो? पडदा निवड करितो काय? आमचें संस्कृत शिक्षण झालें त्या काळीं आम्हांला असेंच वाटे कीं, कोणी तरी प्राणशक्ति आंत बसून उत्तम तें घेते व अधम तें टाकते. गम्मत अशी कीं, यूरोपांतील बडे बडे शास्त्रज्ञहि एके काळीं ह्याच मताचे होते. कोपनहेगनचे क्रिस्तियान बोर आणि ऑक्सफर्डचे हॉल्डेन ह्यांचें म्हणणें असें कीं, फुप्फुस हें ग्रंथीप्रमाणें प्राणवायु जोर लावून रक्तांत स्रवतें. ह्या मताचें खंडन कोणीं केलें? बोरचाच साहाय्यक ऑगस्ट क्रोघ ह्यानें, आणि त्याची पत्नी मारी हिनें. 1910 सालीं ह्या दांपत्यानें सिद्ध केलें कीं फुप्फुस कांहींच स्रवत नाहीं. वायु आपापल्या दाबाप्रमाणें जास्तीकडून कमीकडे जातात, एवढेंच. गुरूचें मत शिष्यानें पुराव्यानिशीं खोडावें ह्याहून गुरूचें भाग्य कोणतें, असें आम्हांला तरी वाटतें. परंतु बोरला तसें वाटलें असेल, असें दिसत नाहीं.

दाबाचे आंकडे देतों, कारण त्यांवांचून पुढील गोष्ट उमगणार नाहीं. पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजल्यास वायुकोशांतील प्राणवायूचा दाब सुमारें 100 असतो. शरीरांत फिरून आलेल्या रक्तांतील प्राणवायूचा दाब 40. म्हणून प्राणवायु हवेंतून रक्तांत जातो. कर्बद्विप्राणिदाचा दाब रक्तांत सुमारें 45 व कोशांत 40. म्हणून तो रक्तांतून हवेंत येतो. अंतर लहान, परंतु तो पडद्यांतून प्राणवायूच्या वीसपट सुलभतेनें पार होत असल्यामुळें तेवढें पुरतें. रक्ताचा कण त्या जाळ्यांतून पाऊण सेकंदांत निघून जातो, आणि त्याचा व्यवहार पाव सेकंदांतच उरकलेला असतो. येथें शक्ति नाहीं, इच्छा नाहीं, निवड नाहीं. बाभळीचाच न्याय.

येथें एक आडकथा. "प्राणायामानें रक्तांत प्राणवायु पुष्कळ भरतो" असें आमच्या फिरावयास येणाऱ्या मंडळींत कोणी ना कोणी रोज सांगत असतो. निरोगी मनुष्याच्या फुप्फुसांतून निघणारें रक्त साध्या श्वासानेंच शेंकडा 97 च्या आसपास भरलेलें असतें. भरलेल्या घागरींत आणखी किती ओतणार? घाईघाईनें खोल श्वास घेतल्यास मुख्यतः कर्बद्विप्राणिद मात्र अधिक धुवून जातो, व डोकें हलकें होतें. उपनिषदांतील प्राण व रसायनांतला प्राणवायु हे एकच समजणें हा भाषांतरानें केलेला घोटाळा आहे. प्राणायामाचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही स्वतः रोज करितों. स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ह्या विषयाची प्रयोगशाळेंत तपासणी आरंभिली, ती अशाच भोळ्या समजुतींच्या ऐवजीं मोजमाप यावें म्हणून.

असो. बिलोलीहून आम्ही विद्यार्थ्याच्या गांवीं गेलों. त्याचे वडील पंचाहत्तरीच्या पुढचे, अंगानें काटक. त्यांनीं आम्हांस वाड्याच्या मागील उंचवट्यावर नेलें. पेव म्हणजे जमिनींत खणलेलें धान्याचें कोठार: तोंड एक मनुष्य उतरेल एवढें अरुंद, पोट आंत विहिरीसारखें रुंद. जागा कोरडी व घट्ट मातीची हवी. पाझर लागला कीं सर्व नासलें. तळाला व भोंवतीं कडबा-भुसा लावून ज्वारी भरावयाची, तोंडावर दगड ठेवून वर मातीचा थर चढवावयाचा, आणि वर्ष-दोन वर्षे विसरून जावयाचें. मराठवाड्याच्या ज्वारीच्या मुलखांत हीच लोकांची पेढी होती. सांगलीजवळ हरिपुरास हळदीचीं पेवें प्रसिद्ध होतीं. 2005 च्या महापुरानें त्यांचें फार नुकसान केलें.

पेवांत धान्य टिकतें कां? कारण धान्यहि श्वास घेतें. ज्वारीचा दाणा मृत नव्हे. तो बीज आहे, आणि फार मंदपणें कां होईना, प्राणवायु घेऊन कर्बद्विप्राणिद सोडीत असतो. त्याच्यासंगें आंत कोंडलेले किडे व बुरशी तर ह्या कामीं त्याहून कितीतरी उतावीळ. वरून दगड पक्का बसलेला. नवी हवा येण्यास वाट नाहीं. आंतील प्राणवायु उतरत उतरत शेंकडा 3 च्याहि खालीं गेला म्हणजे किडे आपल्याच उच्छ्वासांत मरतात, आणि धान्य राहतें. आमच्या पूर्वजांना वायूंचीं नांवें ठाऊक नव्हतीं, पण ही युक्ति ठाऊक होती. आणि तिचा दुसरा अर्थहि ठाऊक होता. म्हाताऱ्यांनीं आम्हांला तो सांगितला.

"बहात्तरचा दुष्काळ व्हता, गुर्जी. घरातलं दाणं सरलं. पेव फोडायचं ठरलं. दगड काढला. आजा म्हणाला, दोन दिस तोंड उघडं ठेवा, वाफ जाऊ द्या, मग कंदील सोडून बगा. पर दारात माणसं पाट्या घेऊन बसली व्हती. लेकरं व्हती त्यांच्यासंगं. माझा चुलता म्हणाला, ह्यांनी दोन दिस काय खायाचं? आन् उतरला."

ते थोडा वेळ थांबले. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं.

"हाक मारली न्हाई त्यानं. वरडला बी न्हाई. आमचा सालगडी त्याच्या मागं उतरला, त्याच्या कमरंला कासरा व्हता म्हणून त्यो वर आला. चुलत्याला दुसऱ्या दिशी काढलं."

न ओरडतां मनुष्य मरतो कसा, हें त्यांना पन्नास वर्षांत उमगलें नव्हतें. सामान्य समजूत अशी कीं गुदमरणारा मनुष्य धडपडतो, हातपाय झाडतो. पाण्यांत बुडणारा मिनिटभर तरी झगडतो. श्वास कोंडून बसलेल्या मनुष्याच्या फुप्फुसांत दोन-अडीच लिटर जुनी का होईना पण चांगली हवा असते, व रक्त तींतून थोडाथोडा प्राणवायु घेत राहतें. परंतु जेथें प्राणवायु जवळजवळ नाहींच, अशा हवेंत जो *श्वास घेतो*, तो पहिल्या दोन-तीन श्वासांतच ती शिल्लक हवा धुवून टाकतो. मग वायुकोशांतील दाब 100 वरून रक्तांतील 40 च्याहि खालीं उतरतो. आणि न्याय तर तोच आहे: जास्तीकडून कमीकडे. पडदा निवड करीत नाहीं. आतां रक्तांतलाच प्राणवायु उलट हवेंत जाऊं लागतो. प्रत्येक श्वास जीव आंत आणण्याऐवजीं बाहेर नेतो. तें रक्त मेंदूस पोंचलें कीं दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. पेवांत कर्बद्विप्राणिदहि दाटलेला असतो. तो शेंकडा तीन-चार झाला तरी धाप लागते, आणि लागलेल्या धापेनें मनुष्य तीच हवा अधिकच भराभर ओढतो. शेंकडा 10 च्या वर गेला तर तो एकटाच कांहीं मिनिटांत शुद्ध घालवूं शकतो. तो साध्या हवेच्या दीडपट जड. तळाशीं बसून राहतो, आणि दगड काढला म्हणून आपण होऊन चटकन् वर येत नाहीं.

हें सर्व आम्हीं म्हाताऱ्यांस त्यांच्या भाषेंत सांगितलें. बंधाऱ्याचा दाखला दिला, तो त्यांना लगेच पटला. त्यांनीं एवढेंच विचारलें, "म्हंजे तरास झाला नसंल त्याला?" फार वेळ झाला नसेल, असें आम्हीं सांगितलें. तें खरेंहि आहे.

ज्या हॉल्डेनचें स्रवण्याचें मत चुकीचें ठरलें, त्यानेंच विलायतेच्या कोळशाच्या खाणींतील अशा मृत हवेचा 1895 च्या सुमारास छडा लावला, हें येथें सांगितलें पाहिजे. प्राणवायु खर्ची पडून मागें राहिलेला नत्रवायु व कर्बद्विप्राणिद ह्यांचें तें मिश्रण, म्हणजे आमच्या पेवांतलीच हवा. खाणकामगार दिवा पुढें धरून चालत. आजोबांच्या कंदिलामागें तेंच तत्त्व होतें. प्राणवायु शेंकडा 16-17 वर उतरला कीं ज्योत विझते, आणि त्या हवेंत मनुष्य अजून तग धरूं शकतो. दिवा माणसाच्या आधीं मरतो म्हणून तो उपयोगाचा. कडुलिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून पेवांत वरखालीं घुसळण्याची चालहि त्या घरीं होती. त्यानें तळची हवा ढवळली जाऊन वरच्या हवेशीं मिसळते. ती चाल अगदीं शास्त्रशुद्ध आहे.

पेवें गेलीं म्हणून धोका गेला असें नाहीं. जुन्या आडांत, मैल्याच्या टाक्यांत, मळीच्या हौदांत आजहि एक उतरतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि वर्तमानपत्रांत दोघांचीं वा तिघांचीं नांवें येतात. तेथें कंदिलावरहि भिस्त ठेवूं नये. विहिरींत इंजिन लावून पाणी उपसलें असल्यास त्याच्या धुरांतील विषारी वायूनें दिवा विझत नाहीं, मनुष्य मात्र विझतो; मैल्याच्या टाकींतील वायूचेंहि तसेंच. आधीं पंख्यानें किंवा भात्यानें ताजी हवा खालपर्यंत पोंचवावी, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर असावा, दोर ओढणारीं दोन माणसें वर असावीं, आणि खालचा पडला तर वरच्यानें दोर ओढावा, उतरूं नये. त्या सालगड्याचा जीव कासऱ्यानें राखला.

आतां ज्वारीऐवजीं त्या भागांत सोयाबीन दिसतें, आणि धान्य गुदामांत वा पत्र्याच्या कोठींत जातें. हल्लीं कडधान्यासाठीं हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या आहेत. औषध न घालतां किडे आंतल्याआंत मरतात, असें विक्रेते नवलानें सांगतात. विद्यार्थ्याच्या घरींहि तशा चार पिशव्या तुरीनें भरलेल्या पाहिल्या. त्याच्या आईनें एक दाबून दाखविली व म्हणाली, "पेवच की हे, गुर्जी, पर ह्यात कुणी उतरत न्हाई."

मागील पेव त्यांनीं केव्हांच मातीनें बुजविलें आहे. त्यावर घर बांधलेलें नाहीं, झाडहि लावलेलें नाहीं. दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. तोंडावरचा दगड अंगणांत न्हाणीजवळ आडवा पडला आहे, आणि त्यावर धुणें धुतात.